चौदा नंबरची ओळ

“मॅडम, चौदा नंबरची ओळ डिलीट करू?” त्याने विचारलं तेव्हा मी जेवणाच्या बिलाचा हिशेब बघत होते. कोकणातल्या हर्णै बंदराच्या एका घरगुती लॉजची गच्ची, वर निळी ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्या, खालून तळणीचा वास, आणि अठरा विद्यार्थ्यांनी दोन दिवसांत गोळा केलेल्या एकेचाळीस मुलाखती एका लांबलचक तक्त्यात. हा मुलगा वर्गातला सगळ्यांत नेटका. त्याच्या पेन्सिलीला कायम टोक असतं. त्याने कारणही दिलं. चौदा आणि तेवीस या दोन ओळींतली बाई एकच आहे. निळी छत्री, बर्फाच्या खोक्यावर बसते, कोळंबी आणि बांगडा विकते. चौदामध्ये ती म्हणते की फोन नाही, मुलं दोन, ऑनलाइन पैसे घेत नाही. तेवीसमध्ये फोन आहे, मुलं तीन आहेत, तराजूला क्यूआर कोड चिकटवलेला आहे, आणि होडीवरचा पुतण्या किनाऱ्याला लागायच्या आधीच व्हॉट्सॲपवर बोलून सांगतो की आज काय मिळालंय. “तेवीसचा फोटो आहे. म्हणजे चौदाला ती खोटं बोलली, नाहीतर या लोकांनी नीट विचारलं नाही.” यात खोट काढायला जागा नव्हती. मी मान वर न करता “कर” म्हणाले.

खालची ओळ एक घर वर सरकली.

डिझाइनच्या मुलांना मी गेली बारा वर्षं हेच शिकवते: वस्तू करण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाकडे जा, त्याला बघा, त्याचं ऐका, लिहून आणा, मग त्या लिहिलेल्यातून काय दिसतं ते शोधा. सांगायला हे फार सोपं. मुलं येतात तीच तयारीने येतात. वेबसाइटी वापरायला किती सोप्या हे तपासणाऱ्या जेकब नील्सनने २००० साली लिहून ठेवलंय की असल्या चाचणीला पाच माणसं पुरतात, हे त्यांना पाठ असतं, कारण पाचावर थांबता येतं. त्यामागचं गणित मात्र कुणी वाचलेलं नसतं. एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवून देतो, असं धरलं तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. आणि हे सगळं एखाद्या स्क्रीनवरच्या अडचणींबद्दल आहे. मासळी विकणारी बाई पहाटे चारपासून काय काय करते, ते पाच जणींना विचारून ८५ टक्के कळतं, असं कुणीही म्हटलेलं नाही. मी दर वर्षी हे सांगते, मुलं दर वर्षी माना डोलावतात, आणि पाच मुलाखती झाल्या की वडापाव खायला जातात. वडापावाबद्दल माझी तक्रार नाही.

या वेळी त्यांनी कागदावर एक ॲप काढून आणलं होतं. मासळीचे भाव दाखवणारं. मासेमारीच्या बंदरावर नेलं की दर तुकडीतले निदान दोन गट हेच काढतात, कारण रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाचा २००७ चा केरळचा अभ्यास त्यांनी कुठे ना कुठे वाचलेला असतो. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइलची रेंज आली, मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदराला काय भाव आहे ते विचारू लागले, तारली फेकून द्यायची वेळ येईना, आणि गावोगावच्या भावांतली तफावत जवळपास मिटली. अभ्यास सुंदरच आहे. पण त्यातला भाव किनाऱ्यावरच्या पहिल्या विक्रीचा आहे. पाटी डोक्यावर चढते तिथून पुढे जे काय होतं ते त्यात नाही, आणि आमची निळ्या छत्रीवाली मावशी नेमकी तिथून पुढे सुरू होते.

हर्णैचा लिलाव ज्यांनी बघितलाय त्यांना वर्णन नको. संध्याकाळी होड्या नांगर टाकतात, समोर सुवर्णदुर्ग तांबूस होत जातो, बैलगाड्या थेट पाण्यात शिरतात आणि पाट्या घेऊन वाळूवर येतात. बैलांच्या पोटाखालून लाटा जातात. डिझेल, ओली दोरी, बर्फ, सुकट, कुठेतरी उदबत्ती. माझ्या अठरा जणांपैकी अकरा जण याआधी समुद्राजवळ फोटो काढण्यापलीकडे कधी आलेले नव्हते. विदर्भातली एक शाकाहारी मुलगी पहिला अर्धा तास ओढणी नाकाला लावून उभी होती, आणि दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यांत आत, बायकांच्या घोळक्यात, वाळूवर मांडी घालून बसलेली दिसली. लिलावातली बोली लिहून घ्यायची असं एका गटाचं ठरलं होतं. बोली कधी सुरू झाली आणि कधी संपली, हेच त्यांना कळलं नाही. कुणीतरी मान हलवली, कुणीतरी हात पुढे केला, ढीग गेला. त्यांच्या वहीत तीन आकडे आणि एक प्रश्नचिन्ह.

आणि मग प्रश्नावली. एखादी वस्तू वापरायला किती सोपी ते मोजणारी, जॉन ब्रुकने १९८६ मध्ये केलेली दहा विधानांची एक मोजपट्टी आम्ही वापरतो. एक विधान बाजूने, एक विरुद्ध, अशी आलटून पालटून. प्रत्येकाला एक ते पाचमधलं उत्तर, त्याचे शून्य ते चार गुण, शेवटी बेरीज अडीचने गुणून शंभरपैकी आकडा. मराठीत तिचं पहिलं विधान साधारण असं होतं: मला ही प्रणाली वारंवार वापरायला आवडेल. हे वाक्य एका मुलाने माशांच्या पाण्याने भिजलेला कागदी फोन पुढे धरून एका मावशीला वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “आवडायचा काय त्यात? लागलं तं वापरायचा.” सहमत की पूर्णपणे सहमत? “तू म्हणशील तसा लिव.” त्याने चार लिहिले. पाच का नाही, असं मी नंतर विचारलं तर म्हणाला, “फार उत्साहात नव्हत्या.” रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये ही पाच पायऱ्यांची शिडी मांडली तेव्हा त्याच्यासमोर बहुतेक विद्यार्थीच होते, विद्यार्थ्यांना निदान असल्या कागदांची सवय असते.

संमतीपत्राचं तर विचारूच नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आल्यापासून कॉलेजने दीड पानी फॉर्म केला आहे. माझं त्याला मनापासून समर्थन आहे, तो मीच लिहायला लावला. त्याचं मराठी कुणीतरी शुद्ध केलं आणि जिथे जिथे डेटा होता तिथे विदा आला. “मावशी, आम्ही तुमची विदा फक्त अभ्यासासाठी वापरू.” मावशींनी कमरेच्या चंचीला हात लावला. “विडा? तुला कशाला विडा?” सगळ्या हसल्या, मुलगा लाल झाला, आणि त्या हसण्यानंतरच्या दहा मिनिटांत त्याला जे मिळालं ते पुढच्या दोन तासांतही मिळालं नाही. ते त्याने लिहून घेतलं नव्हतं. फॉर्मवर अजून सही झाली नव्हती म्हणून.

रात्री गच्चीच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या. एका चिठ्ठीवर एक निरीक्षण, मग जवळची जवळ सरकवायची, गठ्ठे करायचे, गठ्ठ्यांना नावं द्यायची. ही रीत जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची. तो नेपाळच्या डोंगरांत हिंडून आलेला माणूस, आणि रानातून आणलेल्या नोंदींच्या ढिगाचं करायचं काय या विवंचनेतून त्याने ही रीत बसवली. आज ती कंपन्यांच्या वातानुकूलित खोल्यांत वापरतात. हर्णैच्या दमट वाऱ्यात चिठ्ठ्या चिकटेनात. एक लावावी तर दोन गळतात. शेवटी लॉजवाल्या काकूंनी पिठाची खळ करून दिली. कावाकिताचं एक सांगणं मी वर्गात नेहमी जोर देऊन सांगते: एखादं कार्ड कुठल्याच गठ्ठ्यात बसत नसेल तर कोंबू नका, एकटं राहू द्या. हे मी त्या रात्रीही सांगितलं. साडेनऊला. ओळ डिलीट झाली ती सव्वादहाला.

दुसऱ्या दिवशी मुलांची बस पुण्याला गेली आणि मी दाभोळला जाऊन जंगलजेटीने पलीकडे धोपाव्याला उतरले. अण्णा गुहागरजवळ आमच्या गावी एकटेच असतात. फेरीबोटीत गाड्यांच्या मधल्या फटीत उभी होते, खाली वाशिष्ठीचं मचूळ पाणी, आणि ती ओळ डोक्यातून जाईना. ‘खोटं’ हा शब्द खुपत होता. मुलाने तो सहज वापरला होता, जसं आपण तराजू खोटा म्हणतो.

अण्णा प्राथमिक शिक्षक. १९९१ च्या फेब्रुवारीत त्यांना जनगणनेचं काम होतं आणि मी दहा वर्षांची, त्यांच्या मागे मागे. मोहोराच्या चिकट वासातून पाखाडी चढायची, एकेका अंगणात घोंगडीवर बसायचं, गुळाचा खडा आणि पाणी. अण्णा फॉर्म काढायचे आणि नवऱ्याच्या नावाशी गाडी अडायची. बायका नाव घेईनात. कुणी पोराला पुढे करी, कुणी शेजारणीला हाक मारी. एक म्हातारी म्हणाली होती, “देवळात बसलाय ना, त्याचाच नाव.” अण्णांना गावातली तिन्ही देवळं माहीत होती, तरी त्यांनी प्रत्येक देवाचं नाव विचारून खात्री केली. मग पुढचा प्रश्न: गेल्या वर्षी काही काम केलंत का? “नाय. घराकडंच आसतंय.” हातावर शेणाचे डाग, पायाला भेगा, पडवीत आदल्या दिवशी आणलेला कवळांचा भारा. त्या वर्षी प्रश्नातच पहिल्यांदा एक पुरवणी घातली होती: शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेलं कामसुद्धा धरून. अण्णा ती पुरवणी मोठ्याने वाचायचे, मग आपल्या शब्दांत सांगायचे. “लावणी केलीस ना? भात झोडलंस ना? मग ते काम.” बाई नवऱ्याकडे बघायची. नवरा कौलांकडे बघायचा. “ता व्हय? ता तं आसतंयच.” आणि उत्तर नाहीचं हो व्हायचं. बाई तीच, अंगण तेच.

आणि एक घर होतं वरच्या वाडीतलं. तिचा नवरा गिरणीत होता. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, आमच्या भागातले पुष्कळ चाकरमानी पोतडी घेऊन परत आले, हा आला नाही. पत्र नाही, मनिऑर्डर नाही. कुणी म्हणे सुरतेला आहे, कुणी म्हणे दुसरं घर केलं. नऊ वर्षं. तेव्हाच्या फॉर्मवर चारच पर्याय होते: अविवाहित, विवाहित, विधवा, आणि घटस्फोटित किंवा विभक्त असा एकत्र. ते दोन वेगळे झाले २०११ च्या जनगणनेत. हे मी मागे एकदा मुद्दाम बघितलं होतं. अण्णांनी विचारलं, ती म्हणाली, “लगीन झालेली.” कपाळावर आडवं कुंकू. यजमान? “मुंबईस आसतत.” अण्णांनी मुकाट लिहिलं.

या वेळी जेवताना मी त्यांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं, तरी विवाहित का लिहिलंत?” अण्णा भात कालवत होते. “तिला विचारलं होतं ना? मग तिचंच लिहिणार. मला माहीत होतं ते लिहायचं असतं तर तिच्या घरी कशाला गेलो असतो?” थोड्या वेळाने म्हणाले, “सोलकढी घे. तिरफळाचा वास नको असेल तर बाजूला काढ.” मला तिरफळ आवडतं, हे ते चाळीस वर्षांत विसरलेले नाहीत. दुसरं काहीतरी विचारायचं होतं आणि ते सोलकढीवर आले, एवढं मला कळलं.

सोमवारी वर्गात मी त्या मुलाला ओळ परत आणायला सांगितली. तक्त्याच्या जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात, दोन मिनिटांचं काम. पण त्याने एक रास्त मुद्दा काढला. “दोन्ही ठेवल्या तर एक बाई दोनदा मोजली जाईल. मग टक्केवारी चुकेल.” बरोबर होतं. मला पटकन उत्तर सुचलं नाही. बाकीच्यांनी वाद घातला, तासभर, आणि त्यातून निघालं ते असं की तक्त्यात आणखी एक रकाना घालायचा: कोणी विचारलं, कसं. उभ्याने की बसून. आधी फॉर्म की आधी गप्पा. काही विकत घेतलं का. टॅब हातात होता की पिशवीत. हे सगळं आठवून भरायला मुलांना दोन दिवस लागले, कारण आपण कसे उभे होतो हे कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. रकाना भरला आणि ‘फोन नाही’ची उत्तरं बहुतेक एकाच गटाच्या वाट्याला आलेली दिसली. गळ्यात ओळखपत्रं, हातात फॉर्मचा गठ्ठा, रांगेत उभे. चौदा नंबर त्यांचाच. तेवीस त्या ओढणीवाल्या मुलीचा. टक्केवारी शेवटी काढलीच नाही. अहवालात ती नाही म्हणून बाहेरच्या परीक्षकांनी गुण कापले, आणि त्यांचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. मीसुद्धा कदाचित कापले असते.

फेब्रुवारीत पुन्हा गावी गेले तेव्हा येताना वाट वाकडी करून हर्णैला थांबले. सकाळची वेळ, वाळू थंड, निळी छत्री मिटून शेजारी टेकवलेली. मावशींनी मला ओळखलं नाही. त्या दिवशी मी लांब उभी होते, मुलांवर लक्ष ठेवत. कोळंबी नव्हती, बांगडा होता, डोळे चकचकीत, पाठीवर निळ्या-हिरव्या वळ्या. मी सहा सांगितले. साफ करता करता त्यांनी फोन कानाला लावला, खांद्याने दाबून धरला, दोन मिनिटं बोलल्या आणि ठेवून दिला. मला राहवलं नाही. मागे कॉलेजची मुलं आली होती ना, असं काढलं.

“आलेली ना. गोड पोरं.” कोयती कल्ल्याखाली घालून त्यांनी झटका दिला. “एकाकं फॉर्म होता. फॉर्मवाल्याला फोन नाय सांगायचा. फोन सांगितला की नंबर मागतत. नंबर दिला की ओटीपी मागतत. आमच्या वाडीतल्या एकीचे गेले ना पैसे.” आणि ती दुसरी मुलगी? “ती माशांतला काय खात नव्हती, तरी माझ्या पोराच्या सुकटीला ऊन लागतंय का बघत बसलेली.” क्यूआर कोड मुलाच्या खात्याचा, फोन दहा वाजेपर्यंत मावशींकडे आणि नंतर नातवाकडे. मग मुलं दोन की तीन? हे विचारायला माझी जीभ वळली नाही. दोन आणि तीन यांच्यामध्ये काय काय असू शकतं, तेवढं मला या वयात समजतं.

“मुंडकी ठेवू का टाकू?”

ठेवा म्हटलं. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. “म्हणजे हिकडचीस तू. कोणाची?” मी गाव सांगितलं, अण्णांचं नाव सांगितलं. “आणि यजमान?”

“पुण्याला असतात.”

असतातच ते पुण्याला. कोथरूडला. मी सिंहगड रोडला. चार वर्षं झाली, कागदोपत्री अजून काहीच नाही.

“पोरंबाळं?” नाहीत म्हटलं. मावशींनी कोयती पाण्यात बुडवून पुसली आणि साफ केलेल्या ढिगाकडे बघितलं. “मग दोगांला सहा कशाला? चार घे. बांगडा शिळा नाय चांगला लागत.” दोन उचलून त्यांनी बर्फावर परत टाकले आणि त्यांचे पैसे वजा केले. क्यूआर कोडवर पैसे भरताना त्यांच्या मुलाचं नाव फोनवर आलं.

पुण्याला पोचायला रात्र झाली. दोन बांगडे तिखट-मीठ-कोकम लावून तव्यावर टाकले, तांदळाच्या पिठाचा डबा रिकामा होता म्हणून रव्यात घोळवले. दोन फ्रीजमध्ये राहिले. ते मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाल्ले. खरंच चांगले लागले नाहीत.